पिवळी पाटी

रिसेप्शनवरच्या बाईने एंटर दाबलं आणि पिवळी पाटी गेली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं एवढाच वेळ ती स्क्रीनवर होती. काउंटरची काच तिरकी होती आणि बाबांचा दंड धरून त्यांची लेक जरा कडेला उभी होती म्हणून तिला दिसली, नाहीतर कुणाला दिसायचं काही कारण नव्हतं. बाबा ताठ उभे होते. त्यांचा घसा खाकरून झाला होता, चष्मा सारखा करून झाला होता. "तिथे तुमचं नाव आणि जन्मतारीख विचारतील, तुमच्याच तोंडून ऐकायची असते त्यांना, मी सांगितलेली चालत नाही," असं तिनेच त्यांना घरातून निघताना, मग बसमध्ये, मग दवाखान्याच्या पायऱ्या चढताना सांगितलं होतं. आणि कमी ऐकू येणारा माणूस ज्या चिकाटीने ऐकू आलेली एखादी गोष्ट धरून ठेवतो, तसं त्यांनी ते धरून ठेवलं होतं. बसमध्ये ओठांतल्या ओठांत म्हणूनही पाहिलं होतं. बाईने लेकीच्या मोबाइलवरचा नंबर पाहिला, बोटं चालवली, पाटी आली, पाटी गेली. "कानाची तपासणी ना? बसा, बोलावतील," असं बाई बाबांकडे न पाहता, लेकीकडे पाहून म्हणाली आणि मागच्या माणसाला हाताने पुढे घेतलं. बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं.

खरं तर यात काही घडलं नव्हतं. कुणाचं काही चुकलं नव्हतं, बाबांचंच नाव लागलं होतं, बाबांचाच नंबर पडला होता. पण भिंतीशी लावलेल्या खुर्चीवर बसल्यावरही तिची नजर काउंटरवरून हटेना. कारण ती पाटी तिची होती. म्हणजे ते सॉफ्टवेअर तिच्या ऑफिसातल्या सात-आठ माणसांनी मिळून केलेलं, पण ती पाटी तिची एकटीची. दवाखान्यांच्या काउंटरवर चालणारं सॉफ्टवेअर ते. रुग्ण आला की त्याची माहिती उघडायची, तपासणी लावायची, रिपोर्ट काढायचा. माहिती उघडण्याआधी पिवळ्या चौकोनात एक सूचना येते, तिला ऑफिसात सगळे पाटी म्हणत. 'रुग्णाचे नाव व जन्मतारीख रुग्णाकडूनच वदवून घ्या.' हे वाक्य तिने लिहिलं होतं. 'विचारा' लिहावं की 'वदवून घ्या' यावर तिने एक अख्खी दुपार घालवली होती. 'विचारा' म्हटलं तर लोक नाव वाचून दाखवतील आणि माणूस नुसती मान हलवेल, असं तिचं म्हणणं. आणि ते सगळ्यांना पटलं होतं. इतकी वर्षं तिच्या मनात कुठेतरी पक्कं होतं, की आपण कधी न पाहिलेल्या काउंटरांवर, कधी न पाहिलेली माणसं आपलं वाक्य वाचतात आणि समोरच्याला म्हणतात, नाव सांगा हं तुमचं. नवऱ्याला तिने एकदा हे बोलूनही दाखवलं होतं. "म्हणजे तू लेखिकाच झालीस की," असं तो म्हणाला होता, आणि ती हसली होती, पण मनातून सुखावलीही होती. लेखिका म्हणे.

"मला विचारलंच नाही," बाबा म्हणाले. ऐकू कमी यायला लागल्यापासून त्यांचं हळू बोलणंही आसपासच्या चार माणसांना ऐकू जायचं. दोघांनी वळून पाहिलं. "विचारतील आत," ती त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाली. उजवा कान जरा बरा होता. "हो हो," बाबा म्हणाले, म्हणजे त्यांना ते ऐकू आलं नव्हतं. त्यांचा हा 'हो हो' आता घरातल्या सगळ्यांना पाठ झाला होता. आई होती तोवर तीच त्यांचे कान होती. ती गेल्यावर त्यांनी हो हो म्हणायला सुरुवात केली. गोळ्या घेतल्या का, हो हो. जेवलात का, हो हो. दार नीट लावलंत का, हो हो. एकदा तिने चिडून विचारलं होतं, मी काय विचारलं सांगा बरं, आणि बाबा लहान मुलासारखे ओशाळून हसले होते. ते हसणं आठवलं की अजून तिचा जीव कसनुसा व्हायचा. समोर काउंटरवर ती बाई फोन खांद्यात धरून बोलत होती, एका हाताने पावती फाडत होती, आणि दुसऱ्या हाताची करंगळी एंटरवर नुसती टेकलेली होती. पाटी आली की करंगळी खाली. पाटीकडे बाई बघतसुद्धा नव्हती. आणि बाई काही कामचुकार नव्हती, हे तर अगदी उघड दिसत होतं. रांग सरकत होती, ती कुणावर खेकसत नव्हती, एका म्हाताऱ्या बाईला तिने उठून खुर्ची दिली, बाळाला घेऊन आलेल्याला पुढे काढलं. शेवटी राहवेना म्हणून पाणी आणायच्या निमित्ताने ती उठली आणि काउंटरशी जाऊन सहज विचारल्यासारखं म्हणाली, "ते पिवळं काय येतं हो मधेमधे?" बाईने स्क्रीनकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होती. "ते होय," ती म्हणाली, "ते येतंच सारखं. त्याला काही करावं लागत नाही."

त्याला काही करावं लागत नाही. बाबांना आत नेलं, जाड काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानांवर ती मोठी यंत्रं लावली, बाहेरून ती बघत होती आणि डोक्यात हेच वाक्य घोळत होतं. आत बाबांनी आवाज आला की बोट वर करायचं होतं. ते बोट वर करत होते. कधी तंत्रज्ञाने बटण दाबल्यावर, कधी त्याने दाबलेलं नसतानाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघून, आता आला असेल अशा अंदाजाने. तंत्रज्ञाने शेवटी त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली. मग बोट फारसं वर गेलं नाही. तिला ते बघवेना. तिने मोबाइल काढला तर त्यावर मुकादमाचा निरोप होता, 'दुपारी फेरी. आत्याबाई वेळेवर येणे.' पुढे एक हसरा चेहरा. आत्याबाई म्हणजे ती. ऑफिसात ती टेस्टिंग करायची. लोकांनी केलेल्या कामातल्या खोडी काढणं हाच तिचा धंदा, म्हणून आत्याबाई. आणि मुकादम म्हणजे त्यांचा प्रमुख. त्याच्या कार्डावर बरंच लांबलचक काही छापलेलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात तो स्वतःच म्हणाला होता, की मी काही साहेब वगैरे नाही, माणसं गोळा करून काम पुरं करून घेणारा मुकादम आहे. तेच चिकटलं. मुलगी लहान असताना ती काही वर्षं घरी होती, आणि परत नोकरी शोधू लागली तेव्हा सगळीकडून नन्नाचा पाढा; तुम्ही आता मागे पडलात, असं लोक गोड बोलून सांगत. मुकादमाने मात्र तिच्यासमोर एक कच्चं सॉफ्टवेअर ठेवलं होतं आणि म्हणाला होता, मोडून दाखवा. तिने जेवणाच्या सुट्टीआधी ते चार ठिकाणी मोडलं. उद्यापासून या, एवढंच तो म्हणाला होता. हे उपकार तिने कधी बोलून दाखवले नव्हते, त्यानेही नाही, पण ते होतेच.

आणि आज दुपारी त्याच मुकादमाला तिचा 'हो' हवा होता. नवं व्हर्जन आज जायचं होतं. दवाखान्यांची बऱ्याच दिवसांची मागणी होती, की एका वेळी दोन रुग्णांची माहिती उघडता यावी, म्हणजे रांग तुंबत नाही. ते केलं होतं. पण त्यात एक खोट राहिली होती, आणि ती तिनेच शोधून काढली होती. इंटरनेट मधेच अडखळलं तर क्वचित, अगदी क्वचित, वर नाव नव्या रुग्णाचं यायचं आणि खाली माहिती आधीच्याच रुग्णाची राहायची. तिने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या काळजात चर्र झालं होतं. तो भाग ज्याने लिहिला होता त्याला सगळे वकील म्हणत, कारण तो कुठल्याही खोटीची बाजू मांडायचा; पण या वेळी त्यानेही वाद घातला नाही. मुळातून दुरुस्त करायचं तर पाया उकरावा लागेल, तीन आठवडे तरी, असं तो म्हणाला. आणि तीन आठवडे नव्हते. वरच्या लोकांनी मुकादमाला स्वच्छ सांगितलं होतं: हे व्हर्जन ठरल्या दिवशी गेलं नाही तर तुमची टीम मोडायची, माणसं इकडेतिकडे वाटून द्यायची. दोनदा तारीख पुढे गेली होती, तिसऱ्यांदा जाणार नव्हती. तेव्हा तीच म्हणाली होती, "पाटी लावू या." दुसरा रुग्ण उघडला की मोठी पिवळी पाटी, नाव आणि माहिती एकाच माणसाची आहे ना, पडताळून बघा. खोट राहील, पण माणूस ती पकडेल. सगळ्यांना ते लगेच पटलं होतं. रंगारी, म्हणजे स्क्रीन कशी दिसावी हे ठरवणारा मुलगा, त्याने तर टाळी दिली होती. वकील म्हणाला होता, आत्याबाई, तुम्ही वाचवलंत. आणि तिला बरं वाटलं होतं. खोडी काढणाऱ्या माणसाला आयुष्यात टाळ्या कमीच मिळतात. मिळाल्या की गोड लागतात.

बसमध्ये बाबांना खिडकीशी बसवून ती शेजारी बसली. तपासणी झाली होती, डावा कान जवळपास गेला होता, उजव्याला यंत्र लावून काम भागेल म्हणाले होते. बाबांच्या डोक्यात वेगळंच होतं. ते म्हणाले, "आतसुद्धा नाही विचारलं. बोट वर करा म्हणाला फक्त." ती म्हणाली, "गर्दी होती ना." "हो हो," बाबा म्हणाले, आणि मग थांबून, "मी मोठ्याने सांगणार होतो. हळू सांगितलं तर चुकीचं लिहून घेतात." ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. लोखंडी जाळीची दारं अर्धी उघडी असलेली दुकानं, इस्त्रीचे कपडे खांद्यावर टाकून चाललेला माणूस, सिग्नलला उभी असलेली मोटारींची रांग. सगळीकडे तिला पाट्या दिसायला लागल्या. बसमध्येच किती होत्या. दाराला टेकू नका. उतरताना आधी डावीकडे पाहा. चालकाशी बोलू नका, आणि चालकाशी एक माणूस निवांत गप्पा मारत उभा होता. यातली आपण आज सकाळी एक तरी वाचली होती का? मुळात हे सगळं जगच 'हो हो'वर चाललंय, असं तिला वाटलं. बाई करंगळीने हो म्हणते, बाबा मान हलवून हो म्हणतात, नवरा पेपरातून डोकं न काढता हं म्हणतो, आणि आपणही त्याला तसंच हं म्हणतो, आणि मग रात्री दोघंही विचारतात, अगं तू सांगितलंच नाहीस, अरे मी सांगितलं होतं. सांगितलं होतं. म्हणजे पाटी लावली होती. तिच्या अंगात एकदम अशी चुळबुळ भरली की बसमध्ये बसवेना. दोन थांबे आधीच उतरून चालत जावंसं वाटलं, पण बाबा होते.

बाबांना त्यांच्या खोलीवर सोडून ती ऑफिसात पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. मुकादम फळा पुसत होता. फेरीच्या दिवशी तो नेहमी फळा पुसायचा, स्वतःच, कोपऱ्यातल्या जुन्या रेघोट्यासुद्धा थुंकी लावून. आज शीळ घालत होता. गेले काही महिने त्याच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं, आज दाढी करून आला होता, इस्त्रीचा शर्ट. तिला वाटलं, आत्ताच बाजूला घेऊन सांगावं, चारचौघांत त्याला तोंडघशी पाडण्यापेक्षा हे बरं. "जरा बोलायचं होतं," ती म्हणाली. "रिलीजबद्दल?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. "मग फेरीत बोला. फेरीच्या आधी बोललं की त्याची कुजबुज होते." हा त्याचाच नियम. फेरी हीच त्याची कल्पना होती. सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी सगळ्यांनी गोल बसायचं, आणि एकेकाने हो किंवा नाही म्हणायचं, सगळ्यात नवं माणूस आधी, सगळ्यात जुनं शेवटी. मुकादमाने फक्त विचारायचं, स्वतः काही म्हणायचं नाही. एक जरी 'नाही' आलं तरी थांबायचं. फार पूर्वी, दुसऱ्या एका कंपनीत तो सगळ्यात नवा होता. तिथे मोठी माणसं आधी बोलायची, आणि त्याच्यापर्यंत पाळी येईतो सगळ्यांचे हो येऊन बसलेले असायचे. एकदा त्याने घशाशी आलेलं 'नाही' गिळून टाकलं. पुढे काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही, पण गिळल्याचं सांगताना तो पेनाचं टोपण चावत होता, एवढं तिला आठवत होतं. म्हणून नवं माणूस आधी. सगळ्यांना तो नियम फार आवडायचा, बाहेरच्यांना कौतुकाने सांगायचे. फक्त त्यात शेवटच्या माणसाचं काय होतं, याचा विचार कुणी केला नव्हता. शेवटी ती असायची. आजवर तिच्यापर्यंत पोचलेल्या प्रत्येक फेरीत तिच्या आधीचे सगळे हो म्हणाले होते, आणि तिने हो म्हटलं होतं. नाही असं कुणीच कधी म्हटलं नव्हतं.

कॉफीच्या यंत्राशी वकील भेटला. तिने त्याला सकाळची गोष्ट सांगितली. फेरीच्या बाहेरची कुजबुज तर कुजबुज. "आता एका बाईने नाही वाचली म्हणून काय," तो म्हणाला, "आपण सांगितलंय ना? आपली बाजू भक्कम आहे." "आपली बाजू भक्कम आहे रे, पण माणसाचं काय?" "कुठल्या माणसाचं?" त्याने खरोखरच विचारलं, आणि तिला सांगता येईना. ज्याच्या नावाखाली दुसऱ्याचे रिपोर्ट जातील तो माणूस. तोंड उघडून उभा राहिलेला, आणि ज्याला कुणी नाव विचारलं नाही. त्याला चेहरा नव्हता म्हणून इतके दिवस चाललं होतं, आणि आता त्याला एकच चेहरा होता आणि तो जाता जात नव्हता. वकील कप घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आत्याबाई, माझी बायको आता कुठे या गावात कामाला लागलीय, मला दुसऱ्या गावी धाडलं तर पंचाईत होईल. तेवढं लक्षात असू द्या." तो हे तिला घाबरवायला म्हणाला नव्हता. खरं होतं म्हणून म्हणाला होता, आणि त्यामुळेच तिला ते जास्त लागलं.

खोली लहान होती, खुर्च्या एकमेकींना घासत होत्या. मुकादमाने दार लावलं. "चला, नवी," तो म्हणाला. नवी म्हणजे सगळ्यात शेवटी आलेली मुलगी. तिच्यानंतर कुणी आलं की तिचं नाव बदलणार, तोवर नवी. ती टेस्टिंगमध्ये आत्याबाईच्याच हाताखाली होती. नवी टेबलाकडे बघत म्हणाली, "हो." तिच्या 'हो'च्या आधी एक श्वास गेला होता, तो बहुतेक कुणाला जाणवला नाही. रंगारी, हो. त्याच्या पलीकडचे दोघं, हो, हो. वकील, हो, आणि त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. 'हो' पुढे सरकत येत होता तशी तिची बोटं खुर्चीच्या कडेवर ताशा वाजवायला लागली. तिला वाटलं, आपण काय म्हणणार आहोत हे आपल्यालाच ठाऊक नाही. मुकादमाने तिच्याकडे पाहिलं, आधीच अर्धा उठत, मार्करचं टोपण काढत. फेरी झाली की फळ्यावर तो तारीख लिहायचा. "आत्याबाई?"

"नाही," ती म्हणाली.

मुकादम तसाच अर्धा उठलेला राहिला. मग तिच्या लक्षात आलं, की पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. एक 'नाही' आलं तर थांबायचं, एवढं ठरलं होतं. थांबायचं म्हणजे काय, उठायचं की बसून राहायचं, वाद घालायचा की घरी जायचं, हे कधी ठरलंच नव्हतं. सगळे मुकादमाकडे बघत होते आणि मुकादम मार्करकडे. "बरं," तो शेवटी बसत म्हणाला. "का ते सांगा." तिने सकाळचं सांगितलं. करंगळी सांगितली, ते-येतंच-सारखं सांगितलं. बाबांचं नाही सांगितलं. "एक बाई," मुकादम सावकाश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि तो रागापेक्षा वाईट. "एका बाईवरून तुम्ही हे सगळं..." पुढचं त्याने हाताने दाखवलं, खोली, माणसं, घासणाऱ्या खुर्च्या. "ती बाई वाईट असती ना," ती म्हणाली, "तर मी हो म्हटलं असतं. निष्काळजी असती, आळशी असती, तर म्हटलं असतं की असतात अशी माणसं. ती फार चांगली होती. आपल्या कामात हुशार होती. तिने नाही वाचली, तर कोण वाचणार आहे?"

"मी पण नाही वाचत," नवी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले आणि ती लालबुंद झाली. "म्हणजे टेस्ट करताना. पिवळं आलं की दाबते. मला वाटलं होतं सांगावं, पण मला वाटलं की... फक्त मीच असेन." कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. वकिलाने घसा खाकरला, आणि सवयीने बाजू मांडायला तोंड उघडलं, आणि म्हणाला, "मीही दाबतो." मुकादमाने सगळ्यांवरून नजर फिरवली. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग मला सांगा, त्या नव्या पाटीवर लिहिलंय काय? शब्दन् शब्द. कुणीही सांगा." कुणी सांगेना. मग सगळे तिच्याकडे बघायला लागले, साहजिकच. वाक्य तिचं होतं. आठ वेळा लिहिलं होतं तिने ते. "वरील नाव," ती म्हणाली, "वरील नाव आणि खालील माहिती एकाच..." आणि पुढचा शब्द येईना. रुग्णाची की व्यक्तीची, आणि शेवटी पडताळा होतं की खात्री करा होतं? आठही वाक्यं एकदम तोंडाशी आली आणि एकही पुरं होईना. "लाव रे स्क्रीन," मुकादम रंगाऱ्याला म्हणाला. रंगाऱ्याने भिंतीवर लावली. पहिला रुग्ण उघडला, दुसरा उघडला. पाटी आली. चांगली हातभर मोठी, पिवळीधमक, काळ्या अक्षरांत:

'इथे आत्याबाईंचं वाक्य टाकणे.'

रंगाऱ्याचा हात हवेत राहिला. वाक्य यायचं होतं तोवर म्हणून वकिलाने ते लिहून ठेवलं होतं. वाक्य तिने पाठवलं होतं. आणि कुणीतरी ते टाकेल असं प्रत्येकाला वाटलं होतं. तेव्हापासून ती पाटी खोलीतल्या प्रत्येकासमोर शेकडो वेळा आली होती. तिच्यासमोर सगळ्यात जास्त. पाटी येते का बघायची, एंटरने जाते का बघायची, पास. पाटी आली, गेली, पास. दिवसचे दिवस तिने स्वतःचं नाव वाचलं नव्हतं. मागून कुणीतरी हसलं, खुदकन, आणि त्याचं त्यालाच ओशाळं झालं. तिला मात्र हसू येईना की रडू. सकाळी त्या बाईच्या करंगळीवर आपण डोळे वटारून बसलो होतो, आणि आपली करंगळी? तिने हात मांडीखाली घेतला.

मुकादमाने मार्करला टोपण लावलं. मग तो उठला आणि तिला वाटलं आता हा ओरडणार, एवढ्या वर्षांत प्रथमच ओरडणार. तो म्हणाला, "वाक्य टाकू नका." वकील म्हणाला, "अहो, आत्ता टाकतो, दोन मिनिटांचं..." "टाकू नका म्हटलं ना. पाटी काढा. पाया उकरा. मी वर जाऊन सांगतो. जितके दिवस हातात मिळतील तितके दिवस उकरा. नाहीच मिळाले तर निदान हे जाणार तरी नाही." दाराशी जाऊन तो थांबला. "मला वाटायचं, नव्या माणसाला आधी बोलू दिलं की झालं," तो कुणाला उद्देशून नाही असा म्हणाला, आणि मग तिच्याकडे पाहून, "तुम्ही मला अडचणीत आणलंत, आत्याबाई." "हो," ती म्हणाली. "मलाही ते कळतंय." तो गेला. जिन्यावरून वर जाणारे त्याचे बूट ऐकू येत राहिले. वकिलाने लॅपटॉप उघडला, नवी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, आणि भिंतीवरची पाटी कुणीच घालवली नाही. ती तशीच राहिली.

संध्याकाळी ती घरी न जाता बाबांकडे गेली. वरून निरोप आला नव्हता. मुकादम खाली आलाच नव्हता, तो कुणाच्या तरी दारात बाकावर बसलाय असं रंगारी सांगत होता. टीम राहील की जाईल, वकिलाला बायकोला सोडून कुठे जावं लागेल, नवीला उद्या कुणी नवी म्हणेल की नाही, तिला काहीच माहीत नव्हतं. चालताना पाय नुसते पळत होते. आपण बरोबर केलं असं तिला वाटत नव्हतं, चूक केलं असंही वाटत नव्हतं. बाबांनी दार उघडलं. ते टेबलाशी एकटेच बसलेले असावेत, दिवा न लावता. "झालं का तुझं आजचं काम?" त्यांनी विचारलं. सकाळी बसमध्ये तिने त्यांना सांगितलं होतं की आज महत्त्वाचं काम आहे. म्हणजे ते ऐकू आलं होतं. "नाही झालं, बाबा," ती म्हणाली. "मीच थांबवलं. सगळे माझ्यामुळे अडकलेत." "छान, छान," बाबा म्हणाले. "हो हो."

तिने दिवा लावला. एक खुर्ची ओढून ती त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. बाबा बघत होते, काय चाललंय ते न कळून. ती त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली, "नाव काय तुमचं?"

आधी त्यांना वाटलं थट्टा आहे. ते हसायला लागले, ते जुनं ओशाळं हसू. पण तिचा चेहरा पाहून थांबले. मग त्यांनी चष्मा सारखा केला. पाठ सरळ केली. घसा खाकरला. आणि मोठ्या, स्पष्ट आवाजात, शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आणि मग जन्मतारीख, आधी दिवस, मग महिना, मग साल, मधे मधे थांबून, लिहून घेणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून. ती ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

सांगून झाल्यावर बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते जरा पुढे वाकले.

"बरोबर लिहिलंय ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "बघून सांगते."